जिल्हा, स्टेट, नॅशनल: मुलांच्या स्विमिंग स्पर्धांचं गणित

पोरगं नाशिकच्या सावरकर तलावावर स्विमिंगच्या बॅचला जातंय, हात चांगला बसलाय, सर म्हणतात आता कॉम्पिटिशनला टाका. तर फॉर्म भरायच्या आधी एवढं समजून घ्या की रस्ते दोन आहेत, दोन्ही पूर्ण वेगळे. एक संघटनेचा, म्हणजे जिल्हा मग स्टेट मग भारतीय जलतरण महासंघाची सब-ज्युनियर किंवा ज्युनियर नॅशनल. दुसरा शाळेचा, तो क्रीडा कार्यालयाकडून जातो, त्यात नाशिक मनपा वेगळी न् ग्रामीण वेगळं, मग विभागाला धुळे जळगाव नंदुरबारची मुलं येतात, मग राज्य आणि शालेय नॅशनल. तिथे 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. शाळेकडून राज्याला गेलात म्हणून संघटनेच्या स्टेटला एन्ट्री मिळत नाही, तिकडची निवड वेगळी.

वयाचं नीट बघा. संघटनेत त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला किती वय होतं ते धरतात. ज्युनियरचा पहिला गट 15 ते 17 चा, त्यामुळे 28 डिसेंबरला पंधरा पूर्ण होणारी मुलगी जूनमध्ये चौदाचीच असली तरी मोठ्यांत पोहणार. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, तिन्हीवर तारीख एकच पाहिजे, नाहीतर ऐनवेळी धावपळ होते.

आता मेन गोष्ट, टायमिंग. जिल्ह्यात गोल्ड आलं म्हणजे पुढे नंबर लागलाच असं नाही, कारण आपल्याकडे एखाद्या इव्हेंटला चारच मुलं असतात न् पुण्या-मुंबईकडे त्याच टायमिंगला नंबर पार खाली असतो. म्हणून मेडलपेक्षा टायमिंग लिहून ठेवा, आणि शेजारी तलाव 25 मीटरचा की 50 चा तेही लिहा. 25 मध्ये टर्न जास्त, भिंतीला ढकलून वेग मिळतो, त्यामुळे टायमिंग कमी येतं, ते 50 च्या टायमिंगशी लावू नका. नेटवर बी, बीबी, ए, डबल ए असे चार्ट दिसतात ते अमेरिकेचे, त्यातले बरेच 25 यार्डाच्या तलावाचे, म्हणजे जेमतेम 22.86 मीटर, आपल्याला काही उपयोग नाही.

सेकंदाचा शंभरावा भागही सोडू नका. 2021 मध्ये रोमला साजन प्रकाशने 200 बटरफ्लाय 1:56.38 मध्ये मारलं, ऑलिम्पिकच्या थेट प्रवेशाची मर्यादा, म्हणजे ए कट, होती 1:56.48. ती गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू.

एन्ट्रीत टायमिंग रिकामं सोडलं तर मूल सगळ्यात हळू हीटमध्ये (पहिल्या फेरीच्या गटात) जातं, मग शेजारी रेटायला कुणी नसतं, म्हणून खरं टायमिंग टाकाच. आणि ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लायचा टर्न घोटवून घ्या, दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत, एक हात आधी लागला की जजचा हात वर न् मूल डिसक्वालिफाय, मग कितीही फास्ट पोहलं तरी रिझल्टमध्ये टायमिंगच येत नाही.