पावलांपासून वर: विदर्भातील जुन्या देवळांवरची नृत्यशिल्पे कशी पाहावीत

विदर्भातील जुन्या देवळांच्या बाह्य भिंतींवरच्या मूर्तींचे हात बहुधा तुटलेले असतात. कोपरापुढचा भाग दगडातून मोकळा काढलेला असल्याने तोच आधी निखळतो, आणि त्याबरोबर आयुधे व हस्तमुद्राही जातात. मांड्या, गुडघे आणि पावले मागच्या पाषाणाला जोडलेली असल्यामुळे पुष्कळदा शाबूत राहतात. म्हणून मूर्ती नाचते आहे, लढते आहे की नुसती उभी आहे हे ठरवताना, चेहऱ्यावर खिळलेली नजर काढून ती प्रथम पावलांवर आणावी. हात शाबूत असले तरीही हाच क्रम मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे कळल्याशिवाय हातांचा अर्थ नीट लागत नाही.

पाहण्याची वेळ भिंतीच्या दिशेवरून ठरवावी. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी असलेल्या मार्कंडा येथील वालुकाश्माच्या देवळावर मूर्तींच्या ओळी एकावर एक आहेत. त्यांच्यावर समोरून प्रखर ऊन पडले की खोली हरवते आणि सगळे सपाट दिसू लागते. पूर्वेच्या भिंतीसाठी सूर्य थोडा वर आल्यानंतरची सकाळ, पश्चिमेसाठी दुपार कलतानाची वेळ आणि दक्षिणेसाठी हिवाळा सोयीचा असतो. उत्तरेची भिंत वर्षातील बराच काळ सावलीत राहते. मात्र मे-जून महिन्यांत सकाळ-संध्याकाळ तिच्यावर तिरपे ऊन येते आणि घडीव काम उठून दिसते. उन्हाचा त्रास सोसण्याची तयारी असेल त्यानेच ही वेळ निवडावी. लोणारच्या दैत्यसूदन देवळासारख्या काळ्या पाषाणाच्या कामावर किंवा सभामंडपातील अंधारात बॅटरी मूर्तीच्या बाजूने, भिंतीला जवळजवळ चिकटून धरावी. उठाव दिसावा म्हणून पाणी, तेल किंवा खडू लावू नये.

यानंतर ओळंबा हाती घ्यावा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला खडा बांधला तरी चालतो. मूर्तीपासून काही पावले मागे, अगदी समोर उभे राहून हात लांब करावा आणि दोरा डोळ्यासमोर असा धरावा की तो मूर्तीच्या गळ्याच्या खळगीवरून खाली येईल. मूर्तिकार आखणी करताना अशीच एक मध्यरेषा धरत; शिल्पग्रंथांत तिला ब्रह्मसूत्र म्हटले आहे. दोरा बेंबीवरून जाऊन दोन्ही पावलांच्या मधोमध उतरला तर तो समभंग होय. विष्णूच्या बहुतेक मूर्ती अशा सरळ उभ्या असतात. बेंबी किंचित सरकली असेल तर आभंग. मस्तक एकीकडे, धड दुसरीकडे आणि कटी पुन्हा पहिल्या बाजूला झुकलेली असून दोरा भार पेलणाऱ्या पायाच्या टाचेकडे येत असेल तर त्रिभंग समजावा. हाच बाक फार वाढला की अतिभंग होतो. परंतु बाक म्हणजे नृत्य नव्हे. त्रिभंगात भार पेलणारा पाय सहसा ताठ असतो आणि दुसरा सैल सोडलेला असतो. नृत्यात भार पेलणाराही गुडघा वाकतो आणि बाहेरच्या बाजूस उघडतो.

आता पाऊल जवळून पाहावे. नाट्यशास्त्रात पावलाचे पाच प्रकार सांगितले आहेत: सम, उद्घट्टित, अग्रतलसंचर, अंचित आणि कुंचित. भिंतीवर ओळखण्यास सर्वांत उपयोगी ठरतो तो उद्घट्टित, ज्यात बोटे जमिनीला टेकवून टाच उचलतात आणि ती पुन्हा आपटतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दंडार हे लोकनाट्य पाहताना नाचणाऱ्यांच्या पायांकडे ज्याने लक्ष दिले आहे, त्याला ही उचललेली टाच दगडातही लगेच ओळखू येईल. टाच व मूर्तीखालचे पीठ यांच्यामध्ये दगड कोरून काढलेली एवढीशी फट असते, आणि पुढच्या क्षणी होणारा आघात त्या फटीतून सूचित होतो. अंचितात उलट टाच टेकलेली, चवडा वर आणि बोटे फाकलेली असतात. त्यानंतर नजर वर नेऊन हार, जानवे आणि वस्त्राचे सोगे पाहावेत. हार छातीच्या मध्यावरून एका कुशीकडे ओघळला असेल आणि सोगे एकाच दिशेला उडत असतील, तर मूर्तिकाराला गती दाखवायची होती असे मानण्यास हरकत नाही. पायाशी मृदंग, झांज किंवा बासरी वाजवणाऱ्या लहान आकृती असतील तर शंका उरत नाही.

घरातील शोकेसमधला नटराज डोळ्यासमोर ठेवून नाचणारा शिव शोधणाऱ्याची येथे फसगत होते. एक पाय आडवा उचललेला आणि भोवती ज्वाळांचे वलय असलेले ते रूप चोळकालीन तमिळ कांस्यमूर्तींमुळे सर्वपरिचित झाले. दख्खनमधील नटेश पुष्कळदा दोन्ही गुडघे वाकवून, एक पाऊल सपाट आणि दुसऱ्याची टाच उचललेली, अशा चतुर स्थितीत असतो. बदामीच्या पहिल्या लेण्यातील, सहाव्या शतकातील अनेक हातांचा नटेश याचा ठळक नमुना आहे. नृत्यगणेश तर सोंड व पोट यांमुळे ओळखण्यास सोपा. त्याच्याही टाचेकडे पाहावे.

फसवणाऱ्या मूर्ती तीन प्रकारच्या असतात. त्रिविक्रमाचा एक पाय पार कमरेपर्यंत किंवा त्याहून वर गेलेला असतो, पण दुसरा खांबासारखा ताठ असतो आणि खाली बहुधा बळी-वामनाचा प्रसंग कोरलेला असतो. महिषासुरमर्दिनी किंवा अंधकासुराला मारणारा शिव यांचा एक गुडघा पुढे वाकलेला व दुसरा पाय मागे ताणलेला असतो. ही आलीढ-प्रत्यालीढ स्थिती युद्धाची आहे. तिसरी नूपुरपादिका. ही सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतीवरची अप्सरा, एक पाय मागे दुमडून पैंजण घालते किंवा काढते, त्यासाठी कमरेतून वळते, आणि नर्तकी म्हणून सर्रास दाखवली जाते. तिचा हात तुटला असेल तर तुटक्या कोपराची दिशा पाहावी. ती खाली, घोट्याकडे जात असेल तर तेथे पैंजण आहे, नाच नाही.

नाट्यशास्त्रातील १०८ करणांपैकी, म्हणजे हातापायांच्या ठरावीक नृत्यस्थितींपैकी, अमुकच करण आहे, असे लिहिण्याची घाई करू नये. तंजावरच्या बृहदीश्वर देवळात ८१ करणे कोरलेली असून उरलेले २७ पट कोरेच राहिले आहेत. चिदंबरमच्या गोपुरांवरील काही करणांसोबत नाट्यशास्त्रातील श्लोकही कोरले आहेत, म्हणून तेथे नाव निश्चित करता येते. आपल्याकडील भिंतींवर असा आधार नसेल, तर कोणत्या पायावर भार आहे, टाच कशी आहे, गुडघे कोणत्या दिशेला आहेत, बेंबी ओळंब्यापासून किती सरकली आहे आणि शेजारी कोण आहे, एवढेच जागेवर टिपून घ्यावे. गावातील पूजेतल्या मूर्तीवर शेंदराचे थरावर थर चढलेले असतात आणि पावलांचा आकार त्याखाली बुजून जातो. तो थर खरवडू नये. जुने कवच गळून पडले तेव्हा मूर्ती कशी दिसली होती हे गुरवाला किंवा गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि ती माहिती स्वतः पाहिलेल्या नोंदींत न मिसळता वेगळी लिहून ठेवावी.