लंडनच्या भुयारी रेल्वेचं जुनं टँक इंजिन बनवताय? या चुका टाळा

लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचं 'ए क्लास' टँक इंजिन, म्हणजे पाण्याच्या टाक्या अंगावरच वाहणारं इंजिन, मॉडेल करायला फार देखणं आहे. मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याने १८६४ मध्ये पहिली १८ इंजिनं दिली आणि १९०५ मध्ये विजेच्या गाड्या येईपर्यंत लंडनच्या भुयारी लोकलची भिस्त याच जातीवर राहिली. तरीही मॉडेल फसतं, आणि फसण्याचं मूळ बहुधा एकच असतं: सिलिंडरमधून सुटलेली वाफ जाते कुठे, हे आधी समजून घेतलेलं नसतं.

एरवी वापरलेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाता जाता भट्टीतली हवा ओढून नेते. छुकछुक आवाज तोच. बोगद्यात ही वाफ कोंडली असती, म्हणून ड्रायव्हर झडप फिरवून ती जाड नळांतून दोन्ही बाजूंच्या टाक्यांत, थंड पाण्यात सोडत असे. हे नळ पहिल्यांदा नजरेत भरतात. ते बारीक केले किंवा गाळले, तर इंजिनाचा जीवच गेला. बोगद्याच्या देखाव्यात छुकछुकचा आवाजही लावू नका, कारण तिथे वाफ धुराड्यातून जातच नाही.

'धूर गिळणारं इंजिन' असं फलकावर लिहिलेलं दिसतं. ते साफ चूक आहे. टाकीत जाई ती वाफ, धूर नव्हे. धूर कमी व्हावा म्हणून आधी कोक, म्हणजे भाजलेला कोळसा, जाळत. वाफेची ओढ बंद झाली की आग मंदावे, म्हणून मोकळ्या पट्ट्यात भट्टी फुलवून घेणं फायरमनसाठी मोलाचं होतं. शिवाय टाकीतलं पाणी तापलं की त्यात वाफ विरत नसे. ते गरम पाणी बाहेर सोडून थंड पाणी भरावं लागे. देखाव्यात पाण्याचा खांब हवाच, तो याचसाठी.

'फाउलर्स घोस्ट'शी गल्लत करू नका. १८६१ चं ते इंजिन टेंडरवालं, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा मागे ओढणारं होतं, तापलेल्या विटांच्या उष्णतेवर चालवण्याचा प्रयोग होता, आणि तो फसला.

पुढच्या चार चाकांकडे लक्ष द्या. तिथे साधी बोगी (चाकांचा वळणारा गाडा) नाही, बिसेल ट्रक नावाचा गाडा आहे; तो ज्या खिळीभोवती वळतो ती ट्रकच्या मधोमध नसून मागे असते. खीळ मध्ये ठोकली की मॉडेल अरुंद वळणावर अडतं. मोठी चाकं ५ फूट ९ इंचांची, सिलिंडर १७ बाय २४ इंचांचे.

रंगाची चूक तर सर्रास होते. कॉव्हेंट गार्डनच्या लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियममधलं २३ नंबरचं इंजिन १८६६ चं. त्याचा फोटो पाहून लोक १८६४ चं मॉडेल गडद लाल रंगवतात. सुरुवातीचा रंग हिरवा होता. ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्परही देऊ नका, समोर नुसता वाऱ्याला अडवणारा पत्रा होता.

आपल्याकडच्या मंडळींना एक खास सांगणं. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईतल्या बॅक बे स्टेशनला लोकल सुरू झाली, पण ती मोकळ्या आकाशाखालून धावे. मुंबईच्या लोकलचं मॉडेल करताना वाफ जिरवणारे हे नळ त्याला जोडू नका. रुळांचं अंतरही इथे ५ फूट ६ इंच, तिथे ४ फूट साडेआठ इंच.