ड्राइव्ह पारखायचा तर त्यात खराब सीडी घाला

वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी मी २००७ साली कॅसेटवरून सीडीवर उतरवून घेतल्या होत्या. एकूण १३ सीडी. नव्या कॉम्प्युटरसाठी बाहेरून जोडायचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह आणला, तेव्हा त्यातल्या चार सीडी त्याला वाचताच येईनात. सीडीच गेल्या, असं मी धरून चालले होते. सहज म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधल्या ड्राइव्हमध्ये घालून बघितल्या, तर चारपैकी तीन शेवटच्या फाइलीपर्यंत नीट उतरल्या. तेव्हापासून कुठलाही ड्राइव्ह, नवा असो की वापरलेला, मी आधी माझ्याच डिस्क घालून तपासते.

खोक्यावरचा वेगाचा आकडा मी शेवटी बघते. सीडीसाठी १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीसाठी सुमारे १.४ एमबी, ब्लू-रेसाठी ४.५ एमबी. म्हणजे ‘सीडी ५२एक्स’ आणि ‘डीव्हीडी १६एक्स’ हे आकडे एकमेकांशी ताडून काही कळत नाही. शिवाय ५२एक्सचा वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. वाचन आतून सुरू होतं आणि तिथे वेग निम्म्याहूनही कमी असतो. ५२एक्सला डिस्क मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते, त्यामुळे मधल्या भोकापाशी तडा गेलेली डिस्क चाचणीसाठीसुद्धा घालू नका. ती आतच फुटू शकते आणि ड्राइव्हही जाऊ शकतो.

तपासायला पाच डिस्क बाजूला काढा: विकत घेतलेली गाण्यांची सीडी, घरी राइट केलेली जुनी सीडी, घरी राइट केलेली डीव्हीडी, सिनेमाची दोन थरांची डीव्हीडी आणि एक ओरखडे पडलेली. ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर एक ब्लू-रेही घ्या. प्रकार वेगवेगळे हवेत, कारण सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या आणि ब्लू-रे ४०५ च्या. एक लेझर थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. डीव्हीडी झकास चालते आणि सीडी ओळखूच येत नाही, असा वापरलेला ड्राइव्ह मी स्वतः परत केला आहे.

डिस्क घातल्यावर फक्त फाइलींची यादी दिसली म्हणून खूश होऊ नका. यादी आतल्या बाजूला असते, आणि आतला भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. पूर्ण डिस्क हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी होत असताना शेजारी बसून ऐका. चांगला ड्राइव्ह ओरखड्यापाशी आला की आवाज उतरतो, वेग कमी होतो, तो एकाच जागी दोन-चारदा प्रयत्न करतो आणि पुढे सरकतो. वाईट ड्राइव्ह त्याच वेगाने फिरत राहतो, खटखट करतो, आणि कधीकधी अख्खा कॉम्प्युटर अडकवून ठेवतो. तीच डिस्क दुसऱ्यांदा कॉपी करून दोन्ही प्रतींचे चेकसम (फाइलीतल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतात का, तेही बघा.

गाण्यांच्या सीडीची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते. सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे डेटाच्या एका छोट्या तुकड्यात, २३५२ बाइट असतात. डेटाच्या सीडीत त्यातले २०४८ तुमच्या फाइलीचे, उरलेले मुख्यतः चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी. गाण्यांच्या सीडीत सगळे २३५२ आवाजालाच दिलेले, त्यामुळे हा जास्तीचा आधार नाही. न वाचता आलेली जागा ड्राइव्ह अंदाजाने भरून टाकतो आणि एरर दाखवतही नाही. म्हणून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा सीडीपॅरानोइया यांसारख्या प्रोग्रॅमने तेच गाणं दोनदा उतरवा आणि दोन्ही प्रती ताडून बघा. हे एकाच ड्राइव्हवर करा. दोन ड्राइव्हमधल्या प्रती सहसा जुळत नाहीत, कारण प्रत्येक ड्राइव्ह वाचायला किंचित पुढे-मागे सुरुवात करतो. तो दोष नव्हे.

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल तर नावं ठेवण्याआधी वीज तपासा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. डिस्कला गती घेताना आणि राइट करताना ड्राइव्ह सर्वांत जास्त वीज ओढतो. डिस्क फिरायला लागते, टक्‌ असा आवाज येतो आणि ड्राइव्ह कॉम्प्युटरवरून गायब होतो, असं झालं तर हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा जोड) काढा, थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, आखूड केबल वापरून बघा. माझ्या नव्या ड्राइव्हची एक तक्रार एवढ्यानेच मिटली. चार सीडींची मात्र मिटली नाही.

राइट करण्याची परीक्षा एकच, पण ती पूर्ण घ्या. कोरी डीव्हीडी काठापर्यंत भरा, म्हणजे ४.७ जीबीची असेल तर जवळपास सगळी, कारण खराबी बहुधा बाहेरच्या कडेला निघते. वेग ८एक्स ठेवा. झाल्यावर पडताळणी करा आणि मग तीच डिस्क दुसऱ्या कुठल्यातरी ड्राइव्हमध्ये वाचा. स्वतः लिहिलेलं स्वतःलाच वाचता येणं ही काही परीक्षा नाही.

सिनेमे बघायचे असतील तर थोडंसं: डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन कोड (जगाच्या कुठल्या भागातल्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा आकडा) पाचदाच बदलता येतो, म्हणून चाचणीत उगाच बदलू नका. विंडोज १० मध्ये डीव्हीडी चालवायची सोय आधीपासून नसते, व्हीएलसी हा प्लेअर फुकट मिळतो.

वापरलेला ड्राइव्ह घेताना ट्रे दहा वेळा आत-बाहेर करा. लॅपटॉपच्या बारीक ड्राइव्हमध्ये भिंग ट्रेवरच दिसतं. त्यावर धूळ असेल तर रबरी फुग्याने हवा मारा, बोट लावू नका. लॅपटॉपच्या आत बसवायचा असेल तर जाडी मोजा, ९.५ मिलिमीटर की १२.७, नाहीतर तो बसायचाच नाही.

माझी चौथी सीडी अजून पुरती उतरलेली नाही. प्रोग्रॅममधून वेग ४एक्सवर आणला तेव्हा तिच्यातल्या ११ फाइलींपैकी ९ मिळाल्या. नवा ड्राइव्ह हाती आला की बाकी सगळं तपासून झाल्यावर मी ती घालते.