गोष्ट छापली आणि चौथरा खणला गेला

वाघोबा, चकवा, डोहातलं भूत गिऱ्हा, मुंजा यांच्या गावोगावच्या गोष्टींवर लिहायचंय म्हणून दोन-तीन पोरं नुकतीच भेटून गेली. बातमी लिहिता येते त्यांना, ते सोडतो. मला जे भोवलं ते सांगतो.

वऱ्हाडातल्या एका शिवारात नागोबाचं ठाणं आहे. शेंदराचा दगड, भोवती चौथरा, वर कडुनिंब. खाली सोन्याचा हंडा, त्यावर नाग. अवसेला हंडा साखळी ओढत नाल्याकडं जातो, असं गावातले आबाजी सांगत. मी ते रविवारच्या पुरवणीत दिलं. नवव्या दिवशी चौथरा खणलेला. कमरेएवढा खड्डा, कापलेली लिंबं, दगड उताणा पडलेला. आबाजी म्हणाले, "बाबू, तू लिवलं म्हणून खंदलं त्याहीनं." पुढं दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी गावाचं नाव दिलंच नव्हतं. हे नीट समजून घ्या. फोटोत मागं गावची पाण्याची टाकी होती. मजकुरात "पुलापासून हाकेच्या अंतरावर" असं होतं. आबाजींचं आडनाव होतं, आणि आपल्याकडं आडनावावरून गाव काढणारे कमी नाहीत. वर मी मूळ फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहते आणि तशी पाठवली की ती सोबत जाते. गुप्तधनवाल्यांना एवढं पुरतं. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्यं वेगळी नमूद आहेत, ती उगाच नाही. यात माणसांचे जीव जातात. म्हणून छापण्याआधी मजकूर शेजारच्या गावच्या माणसाला वाचून दाखवा. त्यानं जागा ओळखली तर खोडा.

लोणारचा लवणासुर, भीमानं चिखलदऱ्याच्या दरीत फेकलेला कीचक, वाघाशी झुंजताना गेलेला ताडोबाचा तारू, यांच्या जागा खुशाल लिहा. त्या सगळ्यांना ठाऊक आहेत, तिथं राबता आहे. शिवारातल्या ठाण्याला रात्री कोणी नसतं.

"भूत टाक, खप वाढतो" म्हणणाऱ्या वरिष्ठापासून लांब राहा. माझा पहिला वरिष्ठ तसाच होता, त्याच्या हाताखाली माझी तीन वर्षं गेली. आणि यूट्यूबवरची गोष्ट उचलून गावचं नाव बदलू नका. गावातली म्हातारी पहिल्याच वाक्याला ओळखते आणि मग तुम्हाला काही सांगत नाही.

"हडळ दिसली का?" असं विचारलं तर लोक हो म्हणतात, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्यांना कळतं. "रात्री कोणत्या वाटेनं जात नाही?" असं विचारा. नंतर गप्प बसा. रेकॉर्डर पहिल्या दिवशी काढूच नका.

पैसा थोडा आहे. घरची शेती किंवा दुसरं काम सोडू नका, हे कळकळीनं सांगतो. पण घाबरूही नका. सोयाबीन निघालं, हरभऱ्यात डुकरं हाकायची जागल सुरू झाली की शेकोटीपाशी माणसं आपणहून बोलतात. परक्या पोरालाही चहा मिळतो, गोष्ट मिळते.

गेल्या पोळ्याला आबाजींनी हाक मारली. बैल सजवता सजवता त्यांनी गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली, अर्धा तास. डोह कोणता ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.