इंजिन बदलताना आणि टर्बो बसवताना या चुका टाळा

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या परिसरात जुनी गाडी घेऊन तिच्यात मोठे इंजिन किंवा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) बसवण्याचा छंद आता चांगलाच रुजला आहे आणि त्याच्यासोबत त्याच त्या चुकाही रुजल्या आहेत. यातील बहुतेक चुका पाना हाती घेण्यापूर्वीच, म्हणजे खरेदीच्या वेळी होतात. स्वस्तात मिळाला म्हणून आधी टर्बो घरी येतो, मग त्याला साजेसे इंजिन शोधले जाते आणि गाडी नेमकी कशासाठी वापरायची, हा प्रश्न पैसे संपल्यावर विचारला जातो. माझ्याकडे येणाऱ्याला मी प्रथम एका कागदावर तीन गोष्टी लिहायला लावतो: किती हॉर्सपॉवर हवी, कोणते पेट्रोल कायम मिळणार आणि गाडी रोज कोणत्या रस्त्यावर चालणार. हा कागद कोरा असेल तर मी बॉनेट उघडत नाही. काही तरुण यावर रुसून दुसऱ्या गॅरेजात जातात, आणि त्याला माझी हरकत नसते.

नुसते इंजिन विकत घेणे

एस्टीममध्ये जुन्या बलेनोचे १५९० सीसीचे इंजिन बसवणे हा आपल्याकडचा जुना आणि तुलनेने सोपा बदल आहे, कारण एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन आणि हे इंजिन एकाच घराण्यातली आहेत. या सोपेपणामुळेच लोक बेफिकीर होतात. भंगार बाजारातून ब्लॉक आणि हेड एवढेच उचलून आणतात. वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सेन्सर यांपैकी काहीही सोबत नसते, आणि पुढे या वस्तू सुट्या जमवताना इंजिनाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात. अलीकडच्या इंजिनांत तर ईसीयू आणि किल्ली इमोबिलायझरने (चोरीविरोधी कुलपाने) एकमेकांशी बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या जोडीपैकी एक वस्तू मागे राहिली तरी स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही पेटत नाही. म्हणून मी शक्यतो अपघातात गेलेली पूर्ण गाडी किंवा निदान तिचा पुढचा अर्धा भाग, एकही वायर न कापलेला, असाच घेतो. उरलेले भाग विकले की खर्चाचा बराच वाटा परत मिळतो.

पैसे देण्यापूर्वी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी (आत किती दाब तयार होतो ते मोजणे) करावी आणि आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक आढळला तर सरळ घरी यावे. ‘चालू गाडीतून काढलंय, साहेब’ हे विक्रेत्याचे वाक्य म्हणजे चाचणी नव्हे. त्यानंतर टेप घेऊन मापे घ्यावीत: चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि क्रॉसमेंबर (गाडीच्या सांगाड्याची आडवी तुळई) यांच्यात किती जागा उरते, बॉनेट बंद होते का, गिअरबॉक्स कोणता राहणार आणि त्याला बसणाऱ्या ॲक्सलची लांबी व दाते जुळतात का.

कागदपत्रांचा विचार सर्वांत शेवटी करणे हीदेखील चूकच आहे. आरसीवर इंजिनाचा क्रमांक असतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन खरेदी करण्यापूर्वीच आरटीओत जाऊन कशाला परवानगी मिळेल ते विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. परवानगी मिळणार नसेल, तर ती गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्यायची गाडी आहे, हे तेव्हाच मान्य करावे.

टर्बोच्या ऑइलचा परतीचा रस्ता

या एका चुकीने जितके चांगले टर्बो भंगारात गेले, तितके दुसऱ्या कशानेही गेले नसतील. विट्याकडचा एक तरुण निळा धूर सोडणारी गाडी घेऊन आला होता. टर्बो नवा होता, धूर निघाला म्हणून त्याने तो बदलला होता आणि दुसराही तसाच धूर काढत होता. विक्रेत्याने खोटा माल दिला, असे त्याचे ठाम मत झाले होते आणि तिसऱ्या टर्बोसाठी तो पैसे जमवत होता. गाडी जॅकवर घेतली तेव्हा दिसले की, टर्बोखालून निघालेला परतीचा पाइप क्रॉसमेंबरला वळसा घालताना खाली जाऊन पुन्हा वर चढत होता आणि चेंबरला ऑइलच्या पातळीखाली जोडलेला होता.

अनेकांना असे वाटते की टर्बोच्या शाफ्टवर क्रँकसारखे रबरी सील असते. तिथे पिस्टनरिंगसारख्या बारीक रिंगा असतात आणि त्या तुंबलेले ऑइल अडवू शकत नाहीत. ऑइल दाबाने आत जाते, बेअरिंगमधून फिरून फेसाळते आणि नंतर केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. परतीच्या वाटेवर ते थांबले, की टर्बाइनच्या बाजूने सायलेन्सरमध्ये किंवा कॉम्प्रेसरच्या बाजूने इनटेकमध्ये शिरते. आम्ही चेंबर काढून ऑइलच्या पातळीच्या बराच वर नवा जोड वेल्ड केला, १६ मिलिमीटर आतील व्यासाचा पाइप कुठेही आडवा न ठेवता सरळ उतारावर आणला आणि ब्रीदरचा (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारा) कोंडलेला पाइप मोकळा केला, कारण क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पोकळीत) दाब साठला तर चांगला पाइपही निकामी ठरतो. त्याचा तो ‘खोटा’ टर्बो साफ करून परत बसवला आणि धूर थांबला. तेव्हापासून मी टर्बो ज्यावर बसतो त्या मॅनिफोल्डची रचना ठरवतानाच टर्बो किती उंचीवर बसेल हे आधी पाहतो. तो दिसायला कसा दिसेल, हा विचार नंतरचा.

इंधनाचा हिशेब न करणे

टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात प्रत्येक हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते, असे धरावे. १५० हॉर्सपॉवरसाठी हे ४० किलोच्या आसपास जाते, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या चार इंजेक्टरपैकी प्रत्येकी १० किलो. इंजेक्टर ८० टक्के वेळेपलीकडे उघडा ठेवायचा नसेल तर मिनिटाला २८५ सीसीच्या आसपासचा इंजेक्टर हवा. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे, तरीही लोक मूळ इंजेक्टरवर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवत नेतात आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तुटल्यावर नशिबाला दोष देतात.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते आणि त्याला शुद्ध पेट्रोलच्या मानाने आठ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन सोडावे लागते. शांत चालीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, परंतु पूर्ण थ्रॉटलला बहुतेक मूळ ईसीयू त्या सेन्सरकडे बघत नाहीत. म्हणून ईसीयूतला जुना मॅप (इंधनाचे कोष्टक) आहे तसाच ठेवू नये आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरशिवाय टर्बोची गाडी ट्यून करू नये.

उष्णतेकडे दुर्लक्ष

बाहेर ३५ अंश असताना ०.५ बार बूस्ट दिले की सामान्य कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून हवा ८५ ते ९० अंश तापून बाहेर पडते, आणि मूळ ९.५ च्या कॉम्प्रेशन रेशोवर ९१ ऑक्टेनचे पेट्रोल वापरताना इतकी गरम हवा नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसायला) पुरेशी असते. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर मोकळ्या हायवेवर उत्तम वाटतो. खरी परीक्षा वाईहून पसरणी घाट चढताना, पुढे मालट्रक असताना आणि वेग वीसवर आलेला असताना होते. पंख्याविना, रेडिएटरला चिकटवलेला इंटरकूलर तिथे रेडिएटरचीही हवा अडवतो. दोघांत थोडी जागा ठेवावी, बाजूच्या फटी पत्र्याने बंद कराव्यात आणि पंखा मूळ गाडीपेक्षा मोठा घ्यावा.

उरलेल्या चुकांना फार शब्द लागत नाहीत. स्पार्कप्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) घ्यावा आणि फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी. क्लच मूळ टॉर्कसाठी बनवलेला असतो, तो आधीच बदलावा. ब्रेक इंजिनापूर्वी सुधारावेत, हे मला दर वेळी सांगावे लागते. बूस्ट कंट्रोलर सुरुवातीला बसवूच नये. वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला टाळून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर जेवढे बूस्ट मिळते तेवढ्यावरच ट्यूनिंग पूर्ण करावे. मोठा टर्बो घेऊन सांगली–मिरज रस्त्यावर फिरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की साडेचार हजार आरपीएमला जागा होणारा टर्बो त्या रहदारीत जागा होतच नाही.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, आणि जुना फिल्टर फेकून न देता पत्रा कापून आतील कागद उघडून उन्हात पाहावा. पितळी चमक दिसली तर टर्बोचे बेअरिंग तपासावे, करड्या चकत्या दिसल्या तर क्रँकचे; दोन्ही नसतील तर मगच पुढचे बूस्ट मागावे.