नवीन फिटिंग केलं आणि नळाला धार बारीक? टाईल फोडायच्या आधी एवढं बघा

घर नवीन, पाईप नवीन, नळसुद्धा चांगले महागातले, आणि तोटी पूर्ण सोडली तरी पाणी करंगळीएवढं. मग प्लंबर म्हणतो प्रेशर पंप बसवा, मिस्त्री म्हणतो टाईल फोडून बघावं लागेल. दोन्हीची घाई करू नका. नवीन लाईनमध्ये गंज नसतो, क्षाराचे थर नसतात, त्यामुळे कारण बहुतेक वेळा आत राहिलेला कचरा, नाहीतर अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, नाहीतर अडकलेली हवा असतं आणि हे तिन्ही भिंतीला हात न लावता सापडतं.

आधी घरभर फिरून बघा की पाणी नेमकं कुठे कमी आहे. एकाच नळाला कमी असेल तर दोष त्या नळाजवळच. फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गिझरच्या इनलेटचा व्हॉल्व्ह आणि तिथला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बघा, एनआरव्ही उलटा बसवला तर पाणी जाणारच नाही आणि आत कचरा अडकला तर जेमतेम जाईल. एका बाथरूमपुरतं कमी असेल तर त्या बाथरूमचा कन्सील्ड कॉक (भिंतीत दडवलेला, पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह), आणि सगळ्या घरात कमी असेल तर खाली वेळ घालवू नका, सरळ गच्चीवर टाकीपाशी जा.

अंदाजाने बोलण्यापेक्षा बादली लावून मोजलेलं बरं. २० लिटरची बादली नळाखाली ठेवायची, तोटी पूर्ण सोडायची आणि मोबाईलवर वेळ लावायची. २ मिनिटांत भरली म्हणजे मिनिटाला १० लिटर, बाथरूमच्या नळाला एवढं ठीक आहे. ४-५ मिनिटं लागत असतील तर गडबड आहे. सगळ्या नळांचे आकडे लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर परत मोजा, म्हणजे प्लंबरशी बोलताना "कमी वाटतंय" असं म्हणावं लागत नाही.

आता नळाचं तोंड. बेसिन आणि सिंकच्या नळाला पुढे जाळी असते ती हाताने फिरवून काढा, निघत नसेल तर फडकं गुंडाळून पकडीने हलकेच. नवीन घरात या जाळीत काय काय सापडतं, हॅक्सॉने कापलेल्या पाईपचा पांढरा-पिवळा भुसा, वाळू, टेफ्लॉनचे धागे, व्हाईट सिमेंटचे खडे. शॉवरचं तोंड पण काढा आणि वॉल मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करणारा भिंतीवरचा नळ) असेल तर त्याच्या दोन पायांजवळ जाळीचे वॉशर असतात तेही बघा, ते बऱ्याच जणांना माहीतच नसतात. सगळ्या जाळ्या काढलेल्या असतानाच सगळे नळ एकदम सोडून पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या, ते बादल्यांत धरून झाडांना घाला. खरं तर हे फ्लशिंग प्लंबरने नळ बसवायच्या आधीच करायचं असतं पण घाईत राहून जातं.

जाळी साफ करूनही फरक नाही? मग अँगल कॉकची टेस्ट करा, माझ्या मते सगळ्यात कामाची टेस्ट हीच. बेसिनखालचा अँगल कॉक बंद करायचा, वरची कनेक्शन पाईप सोडायची, कॉकच्या तोंडाला बादली धरायची आणि कॉक पूर्ण उघडायचा. धार जोरात आली तर भिंतीतली लाईन शंभर टक्के मोकळी आहे, दोष कनेक्शन पाईपमध्ये किंवा नळाच्या आत (कनेक्शन पाईप मागे मुडपलेली असते बऱ्याचदा). तिथेही बारीकच आली तर दोष त्या कॉकमध्ये किंवा त्याच्या मागे आहे, नळ बदलून पैसे घालवू नका.

गच्चीवर गेलात की आऊटलेटचे सगळे व्हॉल्व्ह तपासा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाईपच्या रेषेत म्हणजे चालू, पाईपला काटकोनात म्हणजे बंद, तिरका म्हणजे अर्धवट. स्वस्तातल्या बॉल व्हॉल्व्हचं आतलं भोक पाईपपेक्षा लहान असतं, एक इंची लाईनला असला व्हॉल्व्ह लावला की मोठ्या पाईपचा फायदा तिथेच गेला. गेट व्हॉल्व्ह असेल तर चाक नुसतं फिरतं आणि आतली पाकळी खालीच राहते असंही होतं. मग टाकीत टॉर्च मारून बघा, कारण टाकीला भोक पाडताना निघालेली प्लॅस्टिकची गोल चकती कधी कधी आतच पडते आणि पाण्याच्या ओढीने आऊटलेटवर जाऊन बसते. ती असली की पाणी सुरुवातीला बरं येतं आणि लगेच बारीक होतं.

हवेचं लक्षण वेगळं. नळ फुरफुरतो, थांबतो, परत येतो, आणि टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की त्रास वाढतो. टाकीतून निघालेला पाईप कठड्यावरून चढवून मग खाली सोडलेला असेल तर त्या उंचवट्यात हवा साठते. तात्पुरता उपाय म्हणजे सगळ्यात खालच्या नळाला मोटरची स्वच्छ पाण्याची नळी जोडून गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाणी उलटं वर ढकलायचं, हवा टाकीत निघून जाते. कायमचा उपाय म्हणजे आऊटलेटच्या व्हॉल्व्हनंतर टी (तीन तोंडांचा जॉइंट) टाकून एअर पाईप उभा करायचा, त्याचं तोंड टाकीच्या झाकणापेक्षा वर आणि खाली वळवलेलं, त्याला जाळी बांधलेली. दोनेकशे रुपयांच्या या पाईपसाठी लोक पंपावर हजारो घालवतात याचं खरंच वाईट वाटतं.

हे सगळं ठीक निघालं तर मग उंचीचा हिशोब. १० मीटर उंचीला साधारण १ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ किलो) प्रेशर मिळतं. वरच्या मजल्यावर शॉवर स्लॅबच्या एक मीटर खाली, टाकीचा स्टँड एक मीटर, टाकीत पाणी एक मीटर, म्हणजे सगळं मिळून ३ मीटर, ०.३ किलो. मोठ्या रेन शॉवरला एवढ्यात पाणी नीट येणारच नाही, त्यात प्लंबरचा दोष नाही. तळमजल्यावर मात्र तोच शॉवर चांगला चालेल.

पाईपचा साईझही बघा. अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिकचा पाईप) आतून जेमतेम १२-१३ मिलिमीटर असतो, पाऊण इंची १८ च्या आसपास, म्हणजे पाणी जायची जागा दुप्पट. गच्चीवरून येणारी मेन लाईन एक इंची किंवा जास्त, बाथरूमपर्यंत पाऊण आणि फक्त शेवटच्या पॉइंटला अर्धा असं हवं. कुणी मेनच अर्धा इंची टाकली असेल तर ती मात्र बदलावीच लागते. पीपीआर (तापवून जोडायचा प्लॅस्टिकचा पाईप) असेल तर आणखी एक, मशीनवर पाईप जास्त वेळ तापवून जोरात दाबला की वितळलेलं प्लॅस्टिक आत गोळा होऊन तोंड अर्धं बुजतं. अँगल कॉकची टेस्ट एका पॉइंटला नापास आणि शेजारच्याला पास असेल तर संशय त्या दोघांमधल्या जॉइंटवर घ्या आणि फोडायचंच झालं तर तेवढीच एक टाईल फोडा.

पंप लागलाच तर तो टाकीच्या आऊटलेटवर, गच्चीत, पावसापासून झाकून. नगरपालिकेच्या लाईनला थेट मोटर लावायची नाही, ते बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं. पंपाला बाजूने बायपास लाईन आणि त्यात एनआरव्ही टाकून घ्या, नाहीतर लाईट गेली की पंपात अडकून आधी येत होतं तेवढंसुद्धा पाणी येत नाही.