छोट्या इंजिनाची चाके न अडखळता कशी फिरवावीत

घरच्या लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) रेल्वेचे छोटे, खरोखर चालणारे वाफेचे इंजिन बनवू पाहणारा नवशिका बहुधा बॉयलरच्या काळजीत असतो. प्रत्यक्षात त्याचे काम अडते ते चाके, आस आणि एका बाजूची चाके एकमेकांना जोडणारे दांडे म्हणजे कपलिंग रॉड यांच्या जुळणीत. म्हणून येथे मुख्यतः तेवढाच भाग सांगितला आहे.

ग्वाल्हेरकराने नमुन्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. ग्वाल्हेर ते श्योपूर ही 610 मिलिमीटर रुंदीची, सुमारे 200 किलोमीटरची छोटी लाइन 2020 पर्यंत चालू होती. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी आपण सर्वांनी पाहिलेली असते, परंतु ती विजेवर चालते. आपल्याला हवे आहे दांडे हलणारे इंजिन. साडेतीन इंची, म्हणजे 89 मिलिमीटर रुळांवर ही लाइन उतरवायची तर प्रमाण साधारण सातास एक येते, आणि चार चाकांचे इंजिन लहान लेथवर आरामात होते.

चाके बिडाची घ्यावीत. ओतकामाचे वरचे कातडे कडक आणि वाळूने भरलेले असते, त्यामुळे पहिलाच काप त्या कातड्याच्या खाली जाईल इतका खोल घ्यावा; वरवर खरवडत बसल्यास हत्याराची धार तेथेच मरते. 100 मिलिमीटर व्यासाच्या चाकाला हायस्पीड स्टीलच्या हत्याराने मिनिटाला 80 फेऱ्यांच्या आसपास वेग पुरतो. बिडाला तेल लावू नये. चारही चाकांचे एक काम संपवूनच पुढचे काम घ्यावे, म्हणजे डायलचे आकडे बदलत नाहीत.

आता खरी गोष्ट. दोन्ही कपलिंग रॉडच्या पट्ट्या एकावर एक घट्ट बांधून त्यांची भोके एकाच वेळी पाडावीत. त्यानंतर आस ज्यांत फिरतो ते ठोकळे, म्हणजे अजून भोक न पाडलेले अ‍ॅक्सलबॉक्स फ्रेममध्ये बसवून, चालताना ज्या उंचीवर राहतील तेथे पाचर मारून पक्के करावेत. मग हाच रॉड फ्रेमवर, वरच्या कडेपासून आणि पुढच्या टोकापासून दोन्ही बाजूंना सारखेच अंतर राखून, क्लॅम्पने धरावा आणि त्याच्या भोकांतून अ‍ॅक्सलबॉक्समध्ये ड्रिल उतरवावे. ते बारीक भोक केंद्र धरून प्रत्येक अ‍ॅक्सलबॉक्स लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये (पकडीत) धरून पूर्ण मापाला बोअर करावा, म्हणजे आतून कातावा. अशा रीतीने रॉडवरचे अंतर आणि आसांमधले अंतर एकाच मापातून निघते, आणि मोजपट्टीवर विसंबावे लागत नाही.

एका बाजूची क्रँक पिन (चाकावरची खुंटी, जिच्यावर रॉड बसतो) दुसऱ्या बाजूच्या पिनेपासून 90 अंशांवर हवी. जाड सपाट पाट्यावर दोन व्ही-ब्लॉक (व्ही आकाराची खाच असलेले ठोकळे) पक्के करून त्यांत आस ठेवावा. डावी पिन एका ठोकळ्यावर अशी टेकवावी की तिचे केंद्र आसाच्या केंद्राच्या उंचीवर येईल, आणि उजवी पिन आसाच्या बरोबर वर, एका उभ्या गजाला टेकवावी. चाके आसावर रिटेनिंग कंपाउंडने (धातूचे भाग पक्के धरणाऱ्या चिकट द्रवाने) बसवणार असाल तर आधी कोरडी तालीम करावी, कारण उष्णतेत ते लवकर धरते आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मे महिन्यात चाक फिरवून पाहायलाही सवड मिळत नाही. कोन 90 ऐवजी 89 अंश झाला तरी फारसे बिघडत नाही. मात्र दोन्ही आसांवर तो तंतोतंत तेवढाच हवा आणि फिरताना जिची पिन पुढे असते ती बाजूही तीच हवी. म्हणून पहिला आस झाल्यावर ठोकळा किंवा गज हलवू नये.

माझ्या पहिल्या इंजिनात रॉड मी वेगवेगळे ड्रिल केले होते. चाक दर फेरीला एका जागी अडे. पिन घट्ट असेल असे समजून मी गोल कानशीने भोक वाढवले. अडणे थांबले, पण भोक लांबट झाले आणि इंजिन कायमचे टकटकू लागले. कानस उचलण्यापूर्वी तपास करावा, आणि तो सोपा आहे. एकाच बाजूचा रॉड लावून चाके हाताने फिरवावीत. पिना आडव्या रेषेत आल्यावर अडखळ झाली तर केंद्रांमधले अंतर चुकले आहे. दोन्ही बाजू एकेकट्या मोकळ्या फिरतात, पण दोन्ही रॉड लावताच अडतात, तर कोन चुकला आहे, आणि चाक उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. भोक पिनेपेक्षा 0.1 मिलिमीटर मोठे ठेवण्याची मोकळीक मात्र द्यावीच, कारण स्प्रिंगवर आस वर-खाली होतो.

सिलिंडर आणि व्हॉल्व्ह बसल्यावर इंजिन कंप्रेसरच्या 20–25 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाच्या हवेवर चालवून पाहावे. तांब्याचा बॉयलर त्यानंतरच हाती घ्यावा. त्याची पहिली चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने आणि फक्त पाण्याने घ्यावी. पाणी दबत नाही, म्हणून सांधा फुटला तर एक पिचकारी उडते. दाबलेली हवा असेल तर तोच सांधा तोंडावर येतो.